फ्रीजरमधली जळकी काडी

खरं सांगतो, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केलीय. मंडळात कुणी भुताचं काढलं की मी समोसे आणायला उठायचो... पण हे माझ्याच बाबतीत झालं. ९७ची फेब्रुवारी, बहारीन, सित्रा, शनिवार, सकाळचे सात. भराभर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मी तिथे एका कोल्ड स्टोअरमध्ये असिस्टंट स्टोअरकीपर होतो. उणे वीसची फ्रीजर रूम. दाराचं रबर महिनाभर फाटलेलं, बाहेरची दमट हवा आत शिरायची आणि बर्फाचा भुगा साचायचा. ब्लोअरच्या वाऱ्याने तो उडून पॅलेटच्या थप्पीमागे जाऊन पडायचा — गुडघाभर ढीग. तिकडे कुणी फिरकत नसे.

आता दादाबद्दल. माझा मोठा भाऊ, मनालीच्या पुढे एका गिर्यारोहण कॅम्पवर इन्स्ट्रक्टर. एक हिवाळा मी त्याच्याकडे काढलेला. नवीन बर्फ पडला की दादा आधी खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सरळ कापायचा, बोटाने दाबत थर शोधायचा आणि दोन थरांमध्ये आगपेटीची काडी खोचायचा. एखादा थर साखरेसारखा सुटा लागला, म्हणजे ज्याच्यावरून वरचा सगळा बर्फ घसरून अंगावर येईल असा, तर तिथे जळकी काडी. ही त्याची एकट्याची सवय. बहारीनमध्ये मी कुणालाच सांगितलेली नव्हती.

शुक्रवारी फोनवर म्हणालेला, "दोन दिवस नुसता कोसळतोय. उद्या उघडेल. अकराला पोरांना घेऊन घळ ओलांडतो, वरच्या कॅम्पला." अठरा पोरं होती त्याच्याबरोबर.

शनिवारी इक्बालभाईंनी — आमचे सुपरवायझर, दापोलीकडचे — गुरुवारी लावलेलं सील तोडलं. मी फावडं घेऊन आत गेलो. म्हटलं आज थप्पीमागचाही ढीग काढू...

ढिगात खड्डा होता. एक भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ. तीन काड्या खोचलेल्या. वरून दुसरी — जळकी.

"इक्बालभाई, आत कोण आलेलं?"

"सील तूच बघितलंस ना? काय झालं?" ते आत आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. "फ्रीजरमध्ये आगपेटी? मॅनेजरनं बघितलं तर दोघांचा व्हिसा खलास."

मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी घड्याळ बघितलं. "तिकडं आता साडेनऊ. ऑफिसातनं लाव फोन. मी बघतो मॅनेजरला."

लाईन लागेना. चार वेळा, पाच वेळा... सहाव्यांदा कॅम्पखालच्या पीसीओवाल्याने उचलला. दादाला बोलावून आणेपर्यंत तिकडे सव्वादहा.

"काय रे बाळ्या? आईला बरंय ना?"

"दादा, खणलंस का आज?"

"सकाळीच. मस्त घट्ट आहे. हे विचारायला बहारीनहून फोन? पगार वाढला वाटतं."

मी काडीचं सांगितलं. वरून एक वीत आणि चार बोटं खाली. तो हसला. "झोप होत नाही तुझी."

"दादा, ब्लोअरच्या तोंडावर नाही खणलेलं. थप्पीच्या मागे खणलंय. वारा जिथे आणून टाकतो तिथे."

 

"मी वाऱ्याच्या तोंडावर खणलं," तो हळू आवाजात म्हणाला. "तंबूजवळ. पोरांना घाई होती म्हणून... घळ पलीकडच्या अंगाला आहे." मग म्हणाला, "बाळ्या, काड्या कुठल्या आहेत?"

"आपल्याकडच्याच. मेणाच्या."

"माझी पेटी कालपासून सापडत नाहीये."

फोन ठेवला त्याने. पुढचे सहा तास मी काय काम केलं, आठवत नाही. इक्बालभाई दोनदा चहा ठेवून गेले, दोन्ही गार झाले. आमच्या पावणेदोनला फोन वाजला.

"घळीच्या बाजूला खणलं. एक वीत चार बोटांवर सुटा थर. ठोकळा कापून त्याच्यावर फावडं आडवं ठेवलं, मनगटातून थापा मारल्या, चौथ्या थापेला वरचा अख्खा ठोकळा सरकून मांडीवर आला. पोरांना थांबवलं, शिव्या खाल्ल्या त्यांच्या." मग म्हणाला, "दीड वाजता घळीतला सगळा बर्फ आपोआप सुटला, बाळ्या. आम्ही चहा पीत बघत होतो."

सील शाबूत होतं, किल्ली इक्बालभाईंकडे, ते शुक्रवारभर मुहर्रकला भावाकडे. दादाची पेटी पुढेही सापडली नाही. दादा आता दोन खड्डे खणतो, वाऱ्याच्या दोन्ही अंगांना. आणि इक्बालभाई मी तिथे असेपर्यंत दर शनिवारी सील तोडायचे आणि बाजूला व्हायचे — "तू जा आधी. तुझ्या घरचं माणूस येऊन बसतंय आत."

जळकी काडी माझ्या पासपोर्टमध्ये आहे. दादाने पत्रात दोनदा मागितली... नाही पाठवली. ती कुणी खोचली ते मला कळलेलं नाही, आणि हातातून जाऊ द्यायचा धीर होत नाही.