मनगटाचा पट्टा

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवासमोर हात जोडले तेव्हाही दुसरंच काहीबाही पुटपुटून वेळ मारून नेली. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच काहून सांगता बाई? — तर उद्या सकाळी मला हेच अकोल्यात एका बाईसमोर बोलायचं आहे, आणि माझी जीभ ऐनवेळी कशी पलटी मारते ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आधी तुमच्यासमोर बोलून घेते.

गोष्ट हाताची आहे. माझ्या उजव्या हाताची — म्हणजे खरं तर माझ्या हाताची नाहीच, पण सुरुवात तिथून होते.

आमचं सासर चांदूर बाजारचं. अक्षय तृतीयेला सगळं घराणं तिथं जमतं, आणि त्या दिवशी पितरांच्या पानावर पुरणाचे मांडे लागतात. मांडा म्हणजे पोळपाटावर लाटायची पोळी नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, ह्या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटं फिरवत तो धोतराच्या पानासारखा पातळ पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. बाहेर वैशाखातलं वऱ्हाडी ऊन, आत चूल, आणि खाणारी तीस-चाळीस माणसं. आमच्या घरची रीत अशी की पितरांचे मांडे घरच्या सुनेनंच करायचे. बाहेरची बाई चालत नाही. खापराला मोठी सून बसते, तिला जमत नसेल तर धाकटी.

मोठी सून मी. एकोणीस वर्षं बसले. नणंदा ओट्यावर पंखा घेऊन बसायच्या आणि तिथूनच ऑर्डर दिल्यासारखं — वहिनी, दोन पातळ पाठवा! मी हसून पाठवायची. मनात काय यायचं ते लिहीत नाही, शोभायचं नाही.

मग माझ्या हातानं दुखणं धरलं. मी अमरावतीला एका शाळेच्या ऑफिसात होते, दिवसभर टायपिंग. अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर व्हायला लागली, झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. पट्टा बांधून पाहिला, मनगटात एक इंजेक्शनही घेतलं, चार महिने बरे गेले, पुन्हा तेच. हाताच्या डॉक्टरांनी करंट लावून नसेची तपासणी केली आणि म्हणाले, नस दबली आहे, मोकळी करू. तळहाताच्या बुडाशी चीर देऊन मनगटावरचा तो जाड पडदा कापला. तासाभराचंही काम नव्हतं, मी त्याच दिवशी घरी.

त्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला टाके नुकतेच निघालेले होते. शोभा बसली खापराला. शोभा माझी धाकटी जाऊ, अकोल्यात जुन्या शहरात राहते. मी ओट्यावर पंख्याखाली बसले — पहिल्यांदा. काय सांगू तुम्हाला, भल्लं बरं वाटलं!

चीर काही महिने दुखली. तळहात टेकवून उठता यायचं नाही. पण दिवाळीपर्यंत हात ठणठणीत. सुईत दोरा ओवत होते, लोणच्याच्या बरणीचं झाकण एका हिसक्यात उघडत होते, ठेचा कुटत होते. आता इथं थांबते जरा.

— नाही. थांबायचं नाही.

पुढच्या अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "मोठे, हात कसा हाये आता?" आणि मी म्हटलं, "जोर नाही येत अजून." बस, एवढंच. चार शब्द. त्या म्हणाल्या, "राहू दे मंग. शोभा बसन." आणि शोभा पदर खोचून उठलीसुद्धा.

तुम्हाला वाटेल एकदा झालं असेल, आळस आला असेल. एकदा? सहा वर्षं! मी रीतसर नाटक केलं. मनगटाचा तो निळा पट्टा पर्समध्ये ठेवायची, चांदूर बाजारचं स्टँड आलं की एसटीतच बांधायची. अकोल्याला शोभाकडे जाताना मूर्तिजापूर गेलं की बांधायची. चहाचा कप डाव्या हातानं उचलायची. ह्यांना सांगून ठेवलं होतं की फक्त जड कामाला त्रास होतो, म्हणून त्यांनाही संशय आला नाही. खोटं बोलायलाही शिस्त लागते आणि माझ्यात शिस्त पहिल्यापासून आहे.

शोभाचे मांडे माझ्याहून चांगले होत, हेही कबूल करते. लोकांनी वाखाणले. अकोल्यात तिला लग्नाकार्याच्या ऑर्डरी यायला लागल्या. उन्हाळाभर कुरड्या, शेवया, आणि लग्नसराईत मांडे. बाईनं स्वतःच्या हिमतीवर नाव काढलं. आणि मग तिचीही बोटं बधिर झाली.

डॉक्टर म्हणतात कारणं पुष्कळ असतात — वय, थायरॉइड, मनगटाची मुळातली ठेवण, आणि मनगटाची कामं त्यात भर घालतात. तिला थायरॉइड आहेच. मी त्या थायरॉइडमागे लपू शकते. तुमच्यासमोर तरी लपत नाही, कारण पुढचं जे केलं ते थायरॉइडनं केलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती अमरावतीला आली, माझ्याच डॉक्टरांकडे. मी सोबत होते. तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर मनगट काढून दोन्ही रस्ते समजावले. एक, माझं झालं तसं — तळहातावर चीर, नस डोळ्यांसमोर दिसते, पडदा कापायचा. जागा काही आठवडे, कधी महिनेही हुळहुळी राहते. दुसरं दुर्बिणीचं — मनगटाजवळ छोटं छिद्र, आत बारीक कॅमेरा, पडदा आतून कापायचा. दुखणं कमी, बाई कामाला लवकर लागते, पण खर्च जास्त, करणाऱ्याचा हात सरावलेला लागतो, नसेला धक्का लागायची भीती किंचित अधिक, आणि आत नीट दिसलं नाही तर शेवटी चीर द्यावीच लागते. पुढं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, सहा महिन्यांनी दोन्ही तऱ्हांनी केलेले हात शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त उशीर करू नका. अंगठ्याचं मांस एकदा झडलं की ऑपरेशन ते परत आणून देत नाही.

इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्या माणसानं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. पट्टा बांधून!

बाहेर बाकावर शोभानं माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. चीर पाहिली. बोट फिरवलं तिच्यावरून. म्हणाली, "ताई, डॉक्टरचं सोडा. तुमी सांगा. कोणतं करू — चिरीचं का दुर्बिणीचं? तुमचं तर चिरीचंच होतं, अन् तुमाले अजून जोर नाही. मले तर भेवच वाटते. माह्या हातावर घर हाये."

तेव्हा एक वाक्य पुरेसं होतं. शोभा, माझा हात बरा आहे. कोणतंही कर, पण कर. एवढंच! पण ते म्हटलं असतं तर सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, नणंदांच्या तोंडी झालं असतं, आणि येत्या अक्षय तृतीयेला मी पुन्हा खापरासमोर. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? रिक्षा यायला लागतो तेवढाही वेळ नाही. मी म्हटलं, "माझं पाहूनच घे बाप्पा. घाई नको करू."

ती रिक्षात बसली आणि अकोल्याला निघून गेली. मी घरी येऊन पट्टा काढला आणि कणीक मळली.

तिनं दोन वर्षं तेल चोळलं, शेक घेतला, ऑर्डरी घेत राहिली. गेल्या हिवाळ्यात हातातून पातेलं सुटलं तेव्हा मुलीनं धरून नेलं. अकोल्यातच चिरीचं ऑपरेशन झालं. झिणझिण्या गेल्या, दुखणं गेलं. पण अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांसल उंचवटा असतो ना, तिथं तिच्या हाताला खळगा आहे. ब्लाउजची हुकं लागत नाहीत. गोळा हातावर झेलायला गेली की अंगठा साथ देत नाही. ऑर्डरी बंद झाल्या.

मी भेटायला गेले — हो, पट्टा बांधून, मूर्तिजापूर गेल्यावर, न चुकता — तेव्हा ती काय म्हणाली असेल? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई, तुमी बरोबर सांगितलं होतं. ऑपरेशननं काई होत नाही. तुमचा पाहा, माहा पाहा." माझा हात तिनं आपल्या हाताशेजारी ठेवला. माझा भरलेला, तिचा खळग्याचा. तिला फरक दिसला नाही, कारण माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात आलंच नाही. मी चहा प्यायले. डाव्या हातानं.

सासूबाई आता नाहीत. खापराला यंदा चुलतजाऊ बसली. मग मी कोणाला भीत होते इतके दिवस? कोणालाच नाही. सवय झाली होती.

काल शोभाच्या मुलीचा, पल्लवीचा, फोन आला. शोभाचा डावा हात आता बधिर व्हायला लागला आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या हाताचं मांस अजून शाबूत आहे, आताच केलं तर हात वाचेल. दुर्बिणीनं करा नाहीतर चिरीनं, पण ह्या महिन्यात करा. आणि शोभा नाही म्हणून बसली आहे. "मोठ्याई, ती म्हणते घरात दोन हात बिघडलेले पाहिले, तिसरा नाही बिघडवत. तुमी तरी समजवा न तिले."

दोन हात. त्यातला एक माझा. हा समोर टेबलावर पडलाय तो, ज्यानं मी हे सगळं एका दमात लिहून काढलं.

तर उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे. मांडे टाकून दाखवावेत, तिला आपोआप कळेल, असं आधी मनात आलं होतं. छे! ते पुन्हा तोंड लपवणंच झालं. पट्टा सोबत नेते, पण बांधणार नाही, तिच्यासमोर ठेवणार आहे. पल्लवीलाही बसवणार आहे, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही. माफ कर असं म्हणणार नाही. ते म्हटलं की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तिनं मला काही द्यावं असा माझा हक्क उरलेला नाही. ती ऊठ म्हणाली तर उठेन. दोघींमधला येण्याजाण्याचा रस्ता बंद झाला तरी तो डावा हात वाचायला पाहिजे.

वाक्य मी पाठ केलं आहे. मूर्तिजापूर गेलं की पुन्हा एकदा म्हणून पाहीन.

"शोभा, माहा हात पहिल्या दिवाळीलेच बरा झाला होता. मी खोटं बोलली. तू ऑपरेशन कर."