रफूताईंनी नटवलेला दिवा

रफूताईंना जगातल्या कुठल्याही भोकाचा राग यायचा. कुणाचा कोट सिगारेटने जळलेला असो की कुणाच्या लोकरी शालीला कसर लागलेली असो, ताईंचे हात शिवशिवायला लागायचे. कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानामागच्या खोलीत, खिडकीखाली बसून त्यांनी बत्तीस वर्षं रफू केला. आधी त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून दोरे उपसायचे, मग त्याच दोऱ्यांनी उभं-आडवं विणत भोक बुजवायचं. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे टाकायचा आणि म्हणायचं, "शोधा बघू." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटासुलटा करायचं आणि शेवटी हात टेकायचं. मग ताई डोळे मिटून कापडावरून बोट फिरवायच्या आणि नेमक्या जागी थांबायच्या. त्यांचा रफू सापडायचा तो फक्त त्यांनाच. त्याचा थोडा तोरा होता त्यांना, आणि तो शोभूनही दिसायचा.

उरलेलं काम घरी यायचं. टेबलावर एकच दिवा. लाकडी बैठक, वाकवता येणारी पितळी मान आणि वर कापडी शेड. एका बाजूला आई सुई घेऊन, दुसऱ्या बाजूला लेक वह्या घेऊन. दिव्याच्या मानेवरून दोघींची रोज ओढाताण चालायची. "आई, मला काही दिसत नाहीये." "मग माझ्या बाजूला ये की." लेक आईच्या बाजूला आली की ताईंच्या कोपराला तिचं डोकं लागायचं आणि टाका चुकायचा. त्या रागवायच्या, पण तिला परत पलीकडे पाठवायच्या नाहीत.

लेक हुशार होती, पण तेराच्या पाढ्याशी तिचं वाकडं होतं. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी सुरळीत, पुढे ठप्प. शेवटी एका संध्याकाळी तिने कर्कटकाच्या टोकाने दिव्याच्या लाकडी बैठकीवर चांगलं खोल कोरून ठेवलं: १३ × ७ = ९१. ताईंनी तिचा कान पिळला. त्यानंतर मात्र पाढा म्हणताना लेक तेरा सातेला तिरक्या नजरेने दिव्याकडे बघायची आणि ताई न पाहिल्यासारखं करायच्या. हे कित्येक महिने चाललं.

आता लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, तिने तिकडे घरही घेतलं होतं. "सगळं नवीन घेतलंय गं आई, अगदी चमच्यांपासून," ती फोनवर म्हणाली. "रविवारी येते, राहिलेलं सामान घेऊन जाते."

ते 'सगळं नवीन' ताईंच्या मनात रुतून बसलं. वडील तिच्या लहानपणीच गेलेले, भावंडं नाहीत. या घरातलं तिच्याबरोबर जाण्यासारखं होतं तरी काय? ताईंना वाटायचं, दिवा जावा. आपण दोघी ज्याच्या उजेडात वाढलो तो तिच्या टेबलावर असावा. पण इतक्या नव्या घरात या कळकट म्हाताऱ्याला कोण उभं करणार? त्याला नटवल्याशिवाय पाठवायची सोय नव्हती.

"अहो ताई, एवढ्या पैशांत नवा दिवा येईल," रंगाचा दुकानदार म्हणाला.

"नवा येईल हो. हा कुठून येईल?"

त्याने रंगाच्या डब्याबरोबर लांबीचा डबा दिला. लाकडातल्या भेगा-खड्डे त्या लगद्याने भरायचे, घासायचे आणि वर रंग द्यायचा. ताई खूश झाल्या. हा तर लाकडाचा रफू!

चार दिवस त्यांनी जेवणाची वेळ पाळली नाही. वायरमनकडून वायर बदलून घेतली. मान लिंबाने घासून लखलखीत केली. जुनं करपलेलं कापड उतरवून सांगाड्यावर निळं कापड ताणून बसवलं, त्यावर बारीक पांढरी पानं भरली. मग बैठक घासायला घेतली आणि बोट त्या आकड्यांवर येऊन थांबलं. त्यांना पटकन गहिवरून आलं. पण नव्या घरात कुणी विचारलं, हे काय खरडलंय, तर पोरीने काय सांगायचं? शिवाय भोक ते भोक. बत्तीस वर्षांचा हात मनाचं थोडाच ऐकतो! त्यांनी आकडे बुजवले, घासले आणि वर साईच्या रंगाचे दोन हात दिले.

रविवारी लेक आली. टेबलाकडे बघून म्हणाली, "अय्या, किती सुरेख! कुठून आणलास?"

ताईंना आभाळ ठेंगणं झालं. इतका बेमालूम रफू आजवर साधला नव्हता. "शोधा बघू" त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लेकीने खोलीभर नजर फिरवली.

"आणि आपला दिवा कुठाय?"

"अगं..."

"टाकलास? आई, गाडीत मागच्या सीटवर मी दुसरं काहीच ठेवणार नाहीये. उशी आणलीय फक्त, त्याच्यासाठी."

"तूच म्हणालीस ना, सगळं नवीन घेतलंय."

"दिवा सोडून सगळं! टेबलावर त्याची जागा रिकामी ठेवलीय मी."

"हाच तो," ताई हळूच म्हणाल्या.

लेकीने दिवा उचलला, बैठक फिरवून फिरवून पाहिली, अंगठ्याने चाचपली. सगळीकडे गुळगुळीत. "छान झालाय," ती म्हणाली आणि दिवा खाली ठेवला. चुकून दुसऱ्याचाच कोट हातात आलेलं गिऱ्हाईक जसं बोलतं, तसं. ताईंच्या लक्षात आलं. आपण हे काय करून बसलो!

त्या उठल्या आणि सुयांची डबी घेऊन आल्या. दिवा मांडीवर आडवा घेतला, डोळे मिटले, बैठकीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. तिथे त्यांनी सुई खुपसली.

रंगाचा टवका उडाला. लांबीचा भुगा मांडीवर पडला. आधी एक आला, मग तीन. आयुष्यभर भोकं बुजवलेल्या हाताला उकरणं जमत नव्हतं. कडा वेड्यावाकड्या तुटल्या.

"आई, मी काढू का?"

"गप बस. माझं काम आहे हे."

शेवटच्या आकड्यावर फुंकर मारून त्यांनी दिवा टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. "बघ, कसं ध्यान दिसतंय. लांबूनही कळेल कुणालाही."

"कळू दे," लेक म्हणाली आणि आईच्या बाजूला येऊन बसली. तिचं डोकं ताईंच्या कोपराला लागलं.

"तेरा साते?" ताईंनी विचारलं.

लेकीने तिरक्या नजरेने दिव्याकडे पाहिलं. "एक्याण्णव."

ताईंनी न पाहिल्यासारखं केलं.