गरिबीची चौकशी

आम्ही गरीब होतो, पण ही गोष्ट सरकारला पटवून देणं काही आम्हाला जमलं नाही.

तसं पाहिलं तर त्यात अवघड काही नव्हतं. साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. वडील, म्हणजे आप्पा, एका वकिलाकडे कारकून. वकिलाच्या अंगावर कोट विरला की तो आप्पांना मिळे, आणि आप्पांच्या अंगावर विरला की मला! (माझ्या वाट्याला कोट येई तेव्हा त्यात खिसे तेवढे शाबूत असत, आणि त्यांत ठेवायला काही नसे.) मॅट्रिक होऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. कॉलेजात जायचं होतं, पण फीचं नाव काढलं की आप्पा देवपूजेला बसत. बरं, मला विद्येची फार ओढ होती असंही नाही. मला कॉलेज हवं होतं ते वसंतामुळे.

वसंता हा माझा सांगलीचा चुलतभाऊ. काका तिथल्या संस्थानच्या नोकरीत. वसंताला दरबारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो कॉलेजात जाऊ लागला. तोही सायकलवरून! दिवाळीला काकूबरोबर आला तेव्हा त्याच्या खिशाला फाउंटन पेन होतं, आणि दर दोन वाक्यांनंतर "आमचे प्रोफेसर म्हणतात" सुरू होतं. मला त्याचा इतका मत्सर वाटला की चकलीसुद्धा कडू लागली. (चकली आईनं केली होती, म्हणून हे मी तिला कधी सांगितलं नाही.) आईची अवस्था माझ्याहून वाईट. निघताना काकू तिला सहज म्हणाली, "हुशारी काही सगळ्यांच्याच पोटी येत नाही हो जाऊबाई!" त्या दुपारी आईनं दाण्याचं कूट इतक्या जोरात कुटलं की शेजारच्या बागवानचाची काय झालं म्हणून बघायला आल्या.

पुढे आप्पांच्या वकिलानं सांगितलं की गरीब आणि होतकरू मुलांना सरकार शिक्षणासाठी कर्ज देतं, थोडं अनुदानही देतं. अर्ज करायचा. मग महसूल खात्याचे सर्कलसाहेब घरी येऊन परिस्थितीची चौकशी करतात. त्यांनी 'खरोखरच गरीब' म्हटलं की काम फत्ते! अर्ज आप्पांनीच लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "अर्जदाराचे घरी चांदी तर नाहीच, पण पितळही नावाला नाही."

आई स्वयंपाकघरातून कडाडली, "आणि तो पाणी तापवायचा बंब काय मातीचा आहे?"

"अगं, गरिबी जरा भरघोस दिसायला हवी!"

"मग 'बेताची परिस्थिती' लिहा. एवढे दरिद्री नाही आम्ही!"

शेवटी मजकूर तोच ठेवून बंब चाचींकडे पाठवला. आम्ही साहेबांची वाट बघत बसलो. साहेब काही येईनात. चैत्र मात्र आला, आणि चैत्राबरोबर काकूचा निरोप आला. तिचं माहेर साताऱ्याचंच. 'माहेरी आले आहे, तुमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वसंताला घेऊन येते.'

चैत्रात गौर झोपाळ्यात बसते, तिच्यापुढे आरास मांडतात, बायकांना पन्हं आणि आंब्याची डाळ देतात. ही आरास गौरीसाठी असते अशी पुरुषांची समजूत आहे. ती जावेसाठी असते! आईनं पदर खोचला आणि गल्ली पालथी घातली. समोर विट्याकडच्या शांताक्का राहत. त्यांचे यजमान मद्रासेकडे सोनं गाळायच्या धंद्यात, त्यामुळे घरात चांदी बरीच.

"न्या की वैनी! ताटं बी न्या, पेले बी न्या," शांताक्का म्हणाल्या. "गल्लीच्या इज्जतीचा सवाल हाय!"

चाचींनी गुलाबदाणी दिली. शिवाय आमचा बंबही आपण होऊन आणून ठेवला, चिंचेनं लख्ख घासून! दुपारपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत एवढी चांदी जमली की गौर त्यात शोधावी लागत होती. आप्पा कचेरीत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

काकू आली आणि उंबऱ्यातच थबकली. आईनं तिच्या हातात चांदीचा पेला दिला.

"रोजचेच काढलेत हो. मुद्दाम असं काही नाही."

काकूनं पन्हं प्यायलं, पण ते तिला गोड लागलेलं दिसलं नाही. मी कडेला उभा राहून हे सुख डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात दारात आप्पांचा आवाज आला.

"या साहेब, या. जरा जपून. घरात बसायला धड पाटसुद्धा..."

आणि आप्पा जागच्या जागी थांबले. त्यांच्यामागे सर्कलसाहेब. त्यांच्यामागे शिपाई. शिपायानं पायताण बाहेरच काढलं, आरशासारख्या बंबाकडे बघून टोपी नीट केली आणि साहेबांना हळूच विचारलं, "आवं सायेब, घर चुकलं का काय आपलं?"

साहेब कोण आहेत हे आईनं ओळखलं. पण समोर जाऊ बसलेली! तिनं चांदीच्या ताटात डाळ आणि चांदीच्या पेल्यात पन्हं साहेबांपुढे ठेवलं, आणि वरून गुलाबपाणी शिंपडलं. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. आप्पांकडे पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

"काय रे, हे सगळं तुमचं?"

एका वाक्याचं काम होतं. 'नाही साहेब, गल्लीतून मागून आणलंय.' वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. शांताक्का तर बायकांच्या घोळक्यातून मला खुणावत होत्या, "बोल की रं, शांताक्काचं हाय म्हनून!" जाऊबाईंपुढे आईची फजिती झाली असती, पण मला कॉलेज मिळालं असतं. मी तोंड उघडलं, आणि नेमकी माझी नजर वसंतावर गेली.

वसंता पेला उलटासुलटा करून बघत होता. त्याचा चेहरा काळवंडला होता. तो चेहरा मी चांगला ओळखत होतो, कारण दिवाळीपासून तो माझा होता! जन्मात पहिल्यांदा वसंता माझ्यावर जळत होता.

"आमचंच आहे साहेब," मी म्हणालो. "आणि ही तर वरची भांडी. ठेवणीतली आत आहेत!"

आप्पा मटकन खाली बसले. साहेबांनी शांतपणे डाळ संपवली, मागून आणखी घेतली, आणि उठताना म्हणाले, "आप्पासाहेब, अहो कर्ज तुम्ही सरकारला द्यायचं!" (आप्पांना साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.) शिपाई जरा मागे रेंगाळला.

"मालक, आमचं पोरगं रिकामंच हाय. तुमच्याकडं कुटं चिकटवता का?"

वसंता निघताना माझा हात दाबून म्हणाला, "नशीबवान आहेस गड्या. तुला कुणापुढं हात पसरायला नको!" संध्याकाळी शांताक्का ताटं आणि पेले घेऊन गेल्या, चाची गुलाबदाणी घेऊन गेल्या, आणि मागे आम्ही, गौर आणि बंब एवढे उरलो. आता बोलणी बसणार म्हणून मी आईजवळ गेलो. ती म्हणाली, "तिचं तोंड बघितलंस का रे?" मी म्हणालो, "आणि वसंताचं?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. ते न जेवताच झोपले, आणि मग मलाही जेवण गेलं नाही.

अर्ज अर्थातच नामंजूर झाला. जूनमध्ये वसंता कॉलेजच्या पुढच्या वर्गात गेला आणि मी लोणंदला कांद्याच्या अडतीवर पोती मोजायला गेलो. एकदा स्टेशनात पोती चढवून घेत होतो, तर पुण्याला निघालेल्या गाडीतून वसंता चहाला उतरला. कडक इस्त्रीचा सदरा, बगलेत जाडजूड पुस्तक! माझ्या डोळ्यांना धार लागली.

"कांदे," मी डोळे पुसत म्हणालो.

त्यानं ओळीनं लावलेल्या पोत्यांवरून नजर फिरवली. त्याचा चेहरा पुन्हा तसाच काळवंडला. "ही अडत तुमचीच का रे?"

हो म्हणणारच होतो, पण अडतीचे शेटजी शेजारीच उभे होते!