सागवानी टेबल आणि माझं घासकाम

बायको घरात नसताना नवऱ्यानं विजेवर चालणारं कुठलंही मशीन विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मशीन घेतल्यानंतरचं आहे.

झालं असं, की आमच्या मुलाला हैदराबादला मुलगी झाली आणि सुलभा, म्हणजे माझी बायको, नातीला सांभाळायला तिकडे निघाली. "तुम्हीपण चला," ती म्हणाली. मी म्हणालो, "छे! मला घर सोडून चैन पडत नाही." (पुरुष अशी वाक्यं बोलतो ती समोरच्यानं खोडून काढावीत म्हणून. सुलभानं खोडलं नाही. बॅग भरली.)

मी मूळचा साताऱ्याकडचा. सगळी नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात झाली, घर बोईसरला. कारखान्यात आवाजानं कान किटायचे. आता घरात इतकी शांतता, की फ्रिज घुरघुरायचा थांबला तरी मी दचकायचो! टीव्हीवरच्या बाईनं "नमस्कार" म्हटलं की मी "नमस्कार, या" म्हणायचो. आणि जेवायला बसायचो सहा खुर्च्यांच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात, दुसऱ्या कुणाची जागा अडू नये अशा बेतानं.

हे टेबल सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. सासरे माहीमचे (आमचं केळव्याजवळचं माहीम, मुंबईतलं नव्हे). टेबल टेम्पोतून उतरवून घेताना म्हणाले होते, "जावयबापू, सागवान हाय! तुमच्या नातवंडांना पन पुरंल." सासरे आता नाहीत. पण तेव्हापासून घरात पाहुणा आला की मी टेबलावर टकटक करायचो. "ऐका आवाज! अस्सल साग!" अशा वेळी सुलभा लगबगीनं स्वयंपाकघरात जायची. चहा ठेवायला, असं मला वाटायचं.

तर एका दुपारी एकट्यानं वरणभात खाताना माझं लक्ष टेबलाकडे गेलं. कपांचे गोल डाग, हळदीचे पिवळे, पॉलिश उडालेलं. ठरवलं, सुलभा यायच्या आत हे नव्यासारखं करायचं. आणि स्वतः करायचं!

बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक हसमुखभाई.

"लाकूड घासायचं मशीन पाहिजे."

"कौनसा? पट्टेवाला, चौकोनी, के गोल?"

"फरक काय?"

"पट्टेवाला तो दरवाजा खा जायेगा! चौकोनी घेतला तर बारीक काम में निशान पडेगा. आपके लिये ये, रॅंडम ऑर्बिटल. गोल फिरतं पण, डोलतं पण. एका जागी दोनदा सेम नाय घासत, म्हणून ओरखडे दिसत नाय. एकदम फाइन!"

उत्तर मिळालं होतं. घेऊन निघायला हवं होतं. पण तेवढ्यात त्यांनी चहा मागवला, आणि कुणी माझ्यासाठी चहा मागवल्याला बरेच दिवस झाले होते.

"विचार करून उद्या येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पॅड लहान घ्यावं की मोठं, हे विचारायला गेलो. मग धूळ गोळा करायची पिशवी कापडी बरी की डबा बरा. मग वेग कमीजास्त करायचं बटण असावं की नसावं. मग घासायचा कागद किती नंबरचा. मी दिसलो की हसमुखभाई ओरडायचे, "आव्या, आव्या! ऑर्बिटलसाहेब आव्या!" आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवायचे. प्रश्न संपत आले तसा मी धास्तावलो. शेवटी विचारलं, "कडुनिंबावर चालेल का हो?"

"आपका टेबल तो सागवान है ना?"

"हो. पण समजा, उद्या कडुनिंबाचं केलं तर?"

हसमुखभाईंनी चष्मा काढला. "साहेब, घर में कौन कौन है?"

"सध्या मीच."

त्यांनी चष्मा परत घातला. आणखी एक चहा सांगितला. आता मात्र मला लाज वाटली आणि मी मशीन घेऊन टाकलं. खोका हातात देताना ते म्हणाले, "वरून दाबू नका हां, साहेब. मशीनला मशीनचं काम करू द्या. आणि सुरुवात बारीक कागदानं."

घरी येताना रिक्षात खोका मांडीवर होता, पण उद्या कुठं जायचं हा प्रश्न उभा होता.

दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधला आणि खटका दाबला. काय तो आवाज! घर एकदम भरल्यासारखं झालं. बारीक कागदानं डाग हलेनात म्हणून जाडाभरडा लावला. तरी समाधान होईना, म्हणून दोन्ही हातांनी वरून रेटलं. मग पोटानंही. (पोट निवृत्तीनंतरचं, म्हणजे वजनाला कमी नाही!) धुळीची पिशवी लावायची राहिली होती आणि डोक्यावर पंखा चालू होता. बघता बघता घरात अशी धूळ उडाली, की देव्हाऱ्यातला बाळकृष्णसुद्धा म्हातारा दिसायला लागला.

धूळ जरा बसली तेव्हा टेबलाच्या मधोमध एक पांढुरका डाग दिसला. मला वाटलं, आतलं कोवळं लाकूड. आणखी घासलं. डाग वाढला, आणि त्याच्या कडेनं नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा उमटल्या. एकावर एक थर!

सागाला थर नसतात. थर प्लायवूडला असतात! वर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा मी घासून पार केला होता.

तेवढ्यात सुलभाचा व्हिडिओ कॉल. गडबडीत मी फोन वर धरला.

"पंखा का दाखवताय?"

"असाच. छान फिरतोय."

"तोंड दाखवा! नात बघतेय."

दाखवलं. डोक्यापासून मिशीपर्यंत पिवळी धूळ. नातीनं असं भोकाड पसरलं, की फोन ठेवावा लागला.

घाबरून मी माहीमला मेहुण्याला, नरेशला, फोन केला. तो बाईकवरून आला. सोबत ओले बोंबील. टेबल बघून पिशवी हातात धरूनच उभा राहिला.

"भावजी, काय केलं तुमी ह्ये! आमच्या बाबांचं सागवान हाय त्ये!"

"नरेश, जवळून बघ."

त्यानं बघितलं. बोटानं खरवडलं. खुर्चीत बसला.

"आयला, प्लाय हाय!"

मग तो हळूच म्हणाला, "ताईला नाय सांगायचं. बाबांचं नाव जाईल."

त्यानं बोंबील तळले. मी भाकरी थापल्या (एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता). खड्डा मध्ये ठेवून आम्ही दोन बाजूंना जेवलो. तो म्हणाला, "राहतो आज. उद्या मिळून काय ते करू." त्या दिवशी टीव्ही लावायचं ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून आंब्यांची चित्रं असलेला प्लास्टिकचा टेबलक्लॉथ आणला आणि चारी कोपरे चिकटवून टाकले.

पुढच्या महिन्यात सुलभा आठवडाभरासाठी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "हे काय आणलंय, आंबे?" आणि टेबलक्लॉथ ओढला.

मी डोळे मिटले. "सुलभा, एक वाईट बातमी आहे. तुझ्या बाबांना टेबल करणाऱ्या सुतारानं फसवलं."

"कुणी नाही फसवलं. साग पायांपुरताच पुरला, वर प्लाय घातलं. बाबांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं."

"आणि मला?"

"म्हणाले, त्याला नको सांगू. कारखान्यातला माणूस, त्याला कुठं लाकडातलं कळतंय!"

"अगं, पण मी इतकी वर्षं लोकांसमोर टकटक करत होतो!"

"म्हणून तर आत जायचे," ती म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून आताही आत गेली. मी इकडे आंबे गोळा करत बसलो. खरं सांगतो, त्या आठवड्यात ती मला इतकं हसली, की पुन्हा कारखान्याचा भोंगा वाजला असता तरी ऐकू आला नसता.

ती परत निघायच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "आई, बाळाच्या पाळण्याच्या कडा खरबरीत आहेत गं. बाबांचं मशीन घेऊन येशील?"

"आणते की. इथं ठेवण्यात धोकाच आहे."

मी घसा खाकरला. सुलभानं माझ्याकडे बघितलं. आता विचारेल, म्हणून मी कपाटावरच्या माझ्या बॅगेकडे नजर टाकली.

"आणि बाबांचं काय?" मुलानं विचारलं.

"त्यांना घर सोडून चैन पडत नाही," सुलभा म्हणाली.

सकाळी टॅक्सी आली. डिकी लोणच्याच्या बरण्या आणि बाळंतविड्यानं भरली. मागच्या सीटवर सुलभाशेजारी अजून एका माणसाची जागा होती. तिथं तिनं मशीनचा खोका ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.