न चाखलेला मोदक

काल चतुर्थी होती. मावशी मोदकाचं सारण परतत होती आणि ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनशी बोलत होती. त्यातल्या एआयशी तिचं हल्ली फार जमतं.

"गूळ बेताचा झालाय का रे?"

"थोडं चाखून बघा," तो म्हणाला.

"नैवेद्याचं कुणी आधी चाखतं का? तूच चाख."

"मला चाखता येत नाही. मला आतून काही जाणवतं का, हेही नक्की सांगता येत नाही."

मावशी खो खो हसली. "म्हणजे आज आपण दोघं सारखेच!"

मग तिनं देवापुढे ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा ताटातला एकही मोदक कमी झालेला नव्हता. तरी पाहुणा पोटभर जेवून उठल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. मला मजा वाटली. बाप्पाला चव कळली का, हे आमच्या घरात कुणी कधी तपासलं नाही. इतकंच काय, मावशीला गोड लागतं म्हणजे नेमकं काय होतं, ते तरी मला कुठे ठाऊक आहे? घास घेतल्यावर तिचे डोळे आपोआप मिटतात, त्यावरून मी समजतो. फोनला तर मिटायला डोळेही नाहीत.

प्रसादाचा पहिला मोदक तिनं वर तूप सोडून फोनपुढे ठेवला. "कळलं तर कळलं," म्हणाली, "नाहीतर मी आहेच." थोड्या वेळानं तो तिनंच खाल्ला.

"गूळ अंमळ जास्तच झाला, नाही का रे?" तिनं फोनला विचारलं आणि खरंच उत्तरासाठी थांबली.

माझ्याही तोंडात मोदक होता. मी चावायचा थांबलो.