पिवळ्या वायरीचे भावोजी

आमच्या सोसायटीत, किंबहुना अख्ख्या बोरीवलीत, खऱ्या अर्थाने स्वतंत्र असा एकच माणूस राहतो, आणि तो एका पिवळ्या वायरीने भिंतीला बांधलेला असतो. ते माझ्या समोरच्या दारातले भावोजी. नात्याने कोणी नव्हेत. त्यांची बायको माझी मैत्रीण होती, ती गेली, आणि भावोजी व त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे राहिली. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, नाहीतर कमिटीत शिरून इतरांना करायला लावतात. भावोजींनी कॉम्प्युटर धरला. त्यातही नियम असा, की ज्या प्रोग्रामच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येत नाही, तो त्यांच्या मशीनमध्ये शिरणार नाही. फोन साधा बटणांचा. घरी येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या आणि स्मार्टफोन चपलांच्या कपाटावर ठेवायचा. एकदा वीजमीटरवाल्यालाही त्यांनी फोन बाहेर ठेवायला लावला. बिचाऱ्याला मीटरचा फोटोच काढायचा होता.

हा नियम ते सगळीकडे लावतात. एकदा मी त्यांना माझा मालवणी मसाला डबा भरून दिला. त्यांनी विचारलं, "ह्यात काय काय आहे?" मी म्हटलं, "ते सासूबाईंनी कुणाला सांगितलं नाही, मीही सांगत नाही." त्यांनी डबा नम्रपणे परत केला. "तुमच्याकडे येऊन मी दोन वाट्या कालवण खाईन, वहिनी. पण डबा माझ्या घरात नको." आणि खरंच, आमच्याकडे येऊन ते दोन वाट्या खातात, बोटं चाटतात आणि तत्त्व शाबूत ठेवून घरी जातात.

आता ह्या तत्त्वापायी त्यांच्या लॅपटॉपचं वायफाय चालत नाही. वायफायची चिप जागी व्हायला तिच्या पोटात कंपनीचा एक छोटा प्रोग्राम घालावा लागतो, आणि कंपनी तो उघडून दाखवत नाही. म्हणजे माझ्या मसाल्यासारखंच. तेव्हा इंटरनेटच्या डब्यापासून हॉलमधल्या टेबलापर्यंत ती पिवळी वायर. "डब्यात काय भरलंय ते कंपनीचं पाप," भावोजी म्हणतात, "माझं मशीन स्वच्छ आहे."

दर रविवारी त्यांची मुलगी कॅनडातून त्या लॅपटॉपवर येते. बापासाठी तीही बिचारी त्यांना चालणाऱ्याच प्रोग्राममधून बोलते. तिला दिसतं काय, तर इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा आणि मागे पुस्तकांचं कपाट. आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद: "बाबा, तुम्ही एकटे नीट राहत नाही. माझ्याकडे या." आणि ह्यांचं: "मी मजेत आहे गं. मी ह्या घरातून कुठेही येणार नाही." शेवटी तिने बजावलं. "मग घर दाखवा. स्वयंपाकघर, आतली खोली, सगळं. नीट वाटलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर मी येऊन घेऊन जाणार." भावोजी म्हणाले, "वायर पुरत नाही."

मी सरळ विचारलं, "लांब वायर घ्या ना मग." तर म्हणे, ती पळवाट झाली. मी म्हटलं, "माझा फोन घ्या, दोन मिनिटांत दाखवून टाकू." पाल हातात घ्यायला सांगितल्यासारखा त्यांनी चेहरा केला. त्यांना पाहिजे होतं एक जुनं डोंगल. अंगठ्याएवढी वस्तू, लॅपटॉपला बाजूने खोचली की वायरीशिवाय वायफाय पकडते. तिच्या चिपचा प्रोग्राम म्हणे जगाला वाचायला खुला आहे. पण कंपनीने मध्येच आतली चिप बदलली. नाव तेच, खोकं तेच. भावोजी जुन्या सामानाच्या दुकानांतून फिरायचे, हरखून डोंगल आणायचे, घरी खोचायचे आणि संध्याकाळी माझ्या दारात उभे. "नवीन चिप निघाली, वहिनी. वाट लागली." एका दुकानदाराने तर विचारलं, "अंकल, चालू माल का नको तुम्हाला?" भावोजींनी त्याला अर्धा तास कारण सांगितलं. पुढच्या वेळी तो त्यांना बघून जेवायला गेला, सकाळी अकराला.

ह्या काळात मी दोनदा म्हटलं, "भावोजी, माझ्याकडची बाई पाठवते, घर जरा झाडून घेऊ." दोन्ही वेळा उत्तर आलं, "नंतर. आधी चिप."

शेवटी कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या चिपचं डोंगल सापडलं. रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. "वहिनी, या. इतिहास बघा." लॅपटॉपला डोंगल खोचलेलं, वायर कुठेच नाही. मुलगी आली. तिच्याकडे सकाळ होती. भावोजी परात धरावी तसा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून उठले आणि चालायला लागले. एवढा आनंदी माणूस मी त्या घरात फार दिवसांनी पाहिला. "हे बघ, चालतोय मी! आणि तू पण चालतेयस!"

मुलगी हसली. "झकास, बाबा. आता स्वयंपाकघर."

स्वयंपाकघरात ओट्यावर एक ताट, एक कप आणि बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यांची चळत होती. शेगडीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कॉम्प्युटरचा एक खोलून ठेवलेला पंखा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या माणसाने इतके महिने घर दाखवायची सोय केली, आणि घराकडे काही पाहिलं नाही.

"बाबा, तुम्ही जेवता कुठे?"

"वहिनी देतात ना अधूनमधून," ते म्हणाले आणि उत्साहाने पुढे निघाले. मी मध्ये पडून म्हटलं, "आतली खोली पुढच्या रविवारी दाखवा." पण त्यांचा पाय तोवर उंबऱ्यात. खोलीत पलंगावर खोकीच खोकी, वरपर्यंत. काठाशी एका माणसाला टेकता येईल एवढीच जागा.

"झोपता कुठे मग?"

"हॉलमध्ये, खुर्चीत. तिथे नेट होतं ना. लागतो डोळा."

पलीकडून काही आवाज आला नाही. भावोजींनी लॅपटॉप हलवला, मग खिडकीपाशी नेऊन वर धरला. "चित्र अडकलं वाटतं. रेंज गेली बघा, वहिनी."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मुलगी हातावर गाल टेकून तशीच बसली होती. तिच्या मागे खिडकी होती.

"अडकलं नाही, भावोजी," मी म्हटलं. "मागे बर्फ पडतोय, बघा."

त्यांनी चष्मा सरकवून बराच वेळ पाहिलं. "पडतोय खरा," ते म्हणाले, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाच्या त्या काठावर बसले.