उलट्या गाठींचं जाळं

डावखुरी म्हणून डावरी. हे नाव तिला आत्याने ठेवलं होतं, आणि काही कौतुकाने नव्हे. खाडीकाठच्या त्या मासेमारांच्या वस्तीत सगळ्या पोरी उजव्या हातात लाकडी सुई धरून जाळी विणायच्या. ही एकटी डाव्या हाताने. जाळ्याची घरं सारखी पडावीत म्हणून धरायची मापाची पट्टी आत्या सरळ तिच्या बोटांवर हाणायची आणि वर म्हणायची, "तुझं जाळं बघून मासे पळायचे नाहीत ग, हसून हसून मरतील!" एके दिवशी डावरीने ती पट्टीच खाडीत भिरकावून दिली आणि आपल्या उजव्या हाताची दोन बोटं जोडून त्या मापाने विणायला बसली. बापाने त्यातली एक गाठ दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "सरकत नाही ना? मग विणू दे तिला," एवढंच म्हणाला. त्या एका वाक्याच्या जोरावर पोरीने वर्षभर खपून अख्खं जाळं पुरं केलं.

ते पाण्यात पडायचं मात्र राहून गेलं. बंदर पलीकडच्या काठाला गेलं, वस्ती उठली. जाळं तिथंच टाकून डावरी शहरात आली. एका लाँड्रीत तिने तीस वर्षं चादरींना इस्त्री केली, डाव्या हाताने, आणि तिथल्या मुकादमाचीही बोलणी खाल्ली. संसार झाला, मुलगा मोठा झाला, सून आली. वस्तीचा विषय निघाला की म्हातारी तोंड फिरवायची. "तिथं आता काय ठेवलंय माझं?"

आणि मग त्या खाडीकाठी सरकारने मोठी बाग केली. लव्हाळ्यांतून लाकडी फळ्यांच्या पायवाटा काढल्या, वस्तीची उरलेली सात घरं डागडुजी करून लोकांना बघायला उघडली. एका रविवारी सुनेने चपलाच पुढ्यात आणून ठेवल्या. "आई, आज तुमचं काही ऐकणार नाही. उठा!"

तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, ज्येष्ठांना अर्धं तिकीट."

"अर्धं कशाला? मी अख्खी जन्मलेय इथं!"

फळ्यांच्या वाटेवरून पहिलं घर दिसलं तशी ती सुनेच्या पुढे निघाली. तिसऱ्या घराचा उंबरा तिने वाकून हाताने चाचपून पाहिला, मगच आत गेली. आत एक खाट, एक कंदील, बाकी मोकळंच. "बाई ग, केवढं हे घर! आम्ही अकरा जण होतो तेव्हा एवढुसं होतं."

शेवटी जाळ्यांची पडवी. समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं जाळं पसरलेलं, मधोमध परातीएवढं भोक, आणि त्यावर सुरकुतलेलं ठिगळ. सुनेने खालची पाटी वाचून दाखवली: "शिकाऊ हाताचं काम. गाठी सदोष. हे जाळं सोमवारी काढून टाकण्यात येईल."

डावरी पुढे झाली. तिने आपली दोन बोटं जाळ्याच्या एका घरात घालून पाहिली, गाठ अंगठ्याने चाचपली, आणि मागे न वळताच म्हणाली, "हे माझं आहे."

"आजी, हात लावू नका!" तिथली देखभाल बघणारे चष्मेवाले साहेब धावत आले. हकीकत ऐकून त्यांनी मान हलवली. "अहो, मी दोन कारागीर आणून बघितले. दोघांनी ठिगळं लावली, दोन्ही वेळा सुरकुती पडली. दोघंही एकच बोलले, मुळात जाळंच चुकलंय."

"दोघं उजवे होते?"

"म्हणजे?"

"साहेब, डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालून चाललाय कधी? बूट चुकलेला नसतो हो! सुई द्या इकडं."

"तसं नियमात बसत नाही."

आता सूनबाई पदर खोचून पुढे आली. "उद्या फेकायचंच आहे ना तुम्हाला? मग बिघडून बिघडून काय बिघडणार?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी कपाटातली सुई आणि सुतळी काढून दिली.

डावरीने जुनं ठिगळ कापून टाकलं. सुई डाव्या हातात धरली, उजव्या हाताची दोन बोटं मापाला लावली, पहिली ओळ विणली आणि तिचा चेहरा उतरला. जाळ्याची घरं मोठी पडत होती. पोरवयातली ती सडसडीत बोटं आता कुठली? वाफेने आणि वयाने सांधे सुजून गाठोडी झाली होती. भोवती बघे जमले होते. कुणीतरी मागून म्हणालं, "राहू द्या हो आजी, वय झालं."

तिने सुई खाली ठेवली. आणि तिच्या नाकासमोर दोन बारीक बोटं आली.

"माझी घ्या," सून म्हणाली. "कधी काम न केलेली बोटं म्हणून जगभर सांगत फिरता ना? लागली बघा आज उपयोगाला."

मग काय! पहिली ओळ उसवली आणि सुई अशी सुटली की बघणाऱ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे फिरत राहिल्या. तासाभराने सून कळवळली, "आई, बोटं बधिर झाली माझी!"

"सोसा जरा. पट्टी कधी बोलली नव्हती."

शेवटची गाठ बसली. डावरी बाजूला झाली. ठिगळ कुठलं आणि मूळ कुठलं, सांगता येईना. जाळं तळहातासारखं सपाट पसरलं होतं.

"ओढा," ती साहेबांना म्हणाली. साहेबांनी हलकेच ओढलं. "अहो, जेवून आलात ना? ओढा!" साहेबांनी पाय रोवले, मघाचा तो "वय झालं" म्हणणारा गृहस्थही मदतीला धावला, दोघे तोंडं लाल होईस्तोवर मागे रेलले. गाठ तसूभर हलली नाही.

"सरकत नाही," साहेब धापा टाकत म्हणाले, आणि पडवीत जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थेट तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेला. म्हातारी ताठ उभी होती. ते शब्द तिने दुसऱ्यांदा ऐकले होते, पन्नास वर्षांनी.

साहेबांनी सगळ्यांच्या देखत पाटी उतरवली. "जाळं इथंच राहील. नवी पाटी आजच करतो. नाव काय लिहू?"

खरं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"डावरी. मोठ्या अक्षरात."

परतताना फळ्यांच्या वाटेवर ती मध्येच थांबली, कठड्यावरून वाकली आणि खालच्या पाण्याला ठणकावून म्हणाली, "आत्ये! जाळं भिंतीवर आहे ग! तुझी पट्टी बस शोधत!"

"आई, लोक बघतायत," सून लाल झालेली बोटं चोळत म्हणाली.

"बघू देत की," डावरी म्हणाली, आणि तिने ती दोन बोटं आपल्या डाव्या हातात घट्ट धरली.